ओल्या जागेतला लिंब

सांगली, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मानसिंगदादा,

पाकीट जपून उघड. आत शिवतेजच्या कडुलिंबाच्या दोन डहाळ्या आहेत. परवा वहिनी फोनवर म्हणाली, "वन्सं, औंदा पाला एवढासाच का?" सध्या पानगळीचे दिवस आहेत, म्हणून. बाकी सगळं फोनवर बोलता येतं, पाला तेवढा टपालानंच जातो, आणि पाल्यासोबत कोरा कागद पाठवणं बरं दिसत नाही. म्हणून ही आपली पत्रं चालली आहेत. मला ती आवडतात. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि गप्प बसतोस.

झाड केवढं झालं, असं तू विचारलंस. माझ्या खांद्याला लागतं. फौजेतल्या माणसाला नीट मोजून सांगायला हवं, पण मोजपट्टी घेऊन त्या झाडापाशी जाणं माझ्याच्यानं होत नाही.

ओढ्याकाठची बाग आता ओळखू येणार नाही. माधवनगर रस्त्याकडून कॉलनीत वळलं की पूर्वी आधी वास यायचा. ओढ्याच्या काठावर गाद्या, बाटल्या, गणपतीचं निर्माल्य, मेलेली डुकरं, सगळं एकत्र पडलेलं असायचं. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आलेला तुझा मुलगा एका रविवारी तुझ्या मेहुण्यांची जुनी पँट घालून त्यात उतरला, ते तुला ठाऊक आहे. समोरच्या गॅलरीतून लालासाहेब ओरडले होते, "ए इंजिनिअर, उद्या परीक्षा न्हाई का?" एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस, आवाज तसाच. शिवतेज वर बघून म्हणाला, "परीक्षा तुमची हाय, आबा. खाली या." आणि ते आले. तो गेल्यावरही त्यांनी एक रविवार चुकवलेला नाही. आता कॉलनीतल्या बायका येतात, मागच्या गल्लीतले लोक येतात. काठावर त्याच्या झाडानंतर आणखी कितीतरी झाडं लागली. मागच्या गल्लीतल्या लोकांनीही त्यांच्या माणसांची रक्षा नदीत न सोडता इथं खड्ड्यात घातली आणि वर झाड लावलं.

पण शिवतेज म्हणायचा ते राहिलंच आहे. कचरा काढून भागत नाही, ओढ्याची वाट मोकळी केली पाहिजे. खालच्या अंगाला फार वर्षांपूर्वी कुणीतरी भराव टाकून ओढा बुजवला, त्यामुळे पाणी तुंबतं आणि मागच्या गल्लीकडे सरकतं. या उन्हाळ्यात ते काम घ्यायचं ठरतंय.

झाडाभोवतीची जमीन अजून ओलीच असते. पाणी घालावं लागत नाही, हे वहिनीला सांग.

तुझी,
संयोगिता


फलटण, २ मार्च २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

पाला मिळाला. मायाने तो ट्रंकेत घातला. माझी फौजेतली काळी ट्रंक तुला आठवत असेल, तिच्यात आता शिवतेजचे कपडे आहेत. कसर लागू नये म्हणून ती प्रत्येक घडीत पाला ठेवते. जुना काढत नाही, त्याच्यावरच नवा ठेवते. ट्रंक उघडली की घरभर कडू वास सुटतो.

"खांद्याला लागतं" हे मी वाचून दाखवलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "वन्सं बुटक्या हायत्या. त्यांच्या खांद्याला म्हंजी अजून लय वाढायचाय." तिला हसताना बघून बरं वाटलं म्हणून तुला लिहितो.

पाणी घालावं लागत नाही हेही सांगितलं. त्यावर म्हणाली, "मग? मी उगंच जागा दावली व्हय?" रक्षा घेऊन आपण तिथं आलो, तेव्हा तुमचे लोक म्हणत होते की फाटकाजवळ लावा, तिथं दिसेल तरी. ती चप्पल काढून सगळ्या मोकळ्या जागेतून चालत गेली आणि पायाला ओल लागली तिथं उभी राहिली. "हितं ओल हाय. माज्या पोराला हितं ठेवा." तिचं माहेर म्हसवडकडचं. तिथं तिच्या वडिलांनी दारात लावलेली तीन झाडं वाळली, चौथं तिनं डोक्यावरून पाणी आणून जगवलं. तिला ओल दिसली की देव दिसतो. मी रक्षा माहुलीला संगमावर न्यायची म्हणत होतो. आपल्यातल्या सगळ्यांची तिथंच गेली. ती म्हणाली, वाहत्या पाण्यात न्हाई, तिथनं तो कुठं जाईल कुणाला ठावं.

आता एक स्पष्ट लिहितो. तू ओढ्याचं जे लिहितेस ते मी तिला वाचून दाखवत नाही. मलाही वाचवत नाही. ताप त्या घाणीतून आला असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही बाग करा, चांगलं काम आहे. पण ओढ्याचं मला सांगू नको.

ऊस तुटून गेला. माया आठ दिवस भावाकडे म्हसवडला गेली आहे. घरात मी आणि म्हैस.

तुझा,
मानसिंग


सांगली, ६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

ओढ्याचं सांगू नको म्हणालास. ते मला पाळता येत नाही. या पाकिटात पाला नाही, आणि का नाही ते ओढ्याचं सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

फेब्रुवारीत मी पानगळ लिहिलं. पानगळ होतीच, पण नुसती पानगळ नव्हती. झाड दिवाळीपासून पिवळं पडत आहे. मी हिरव्या डहाळ्या निवडून पाठवत होते. आता निवडायलाही उरल्या नाहीत. माझ्या दारात जुना लिंब आहे, हिरवागार. त्याची डहाळी टाकावी असं मनात आलं, डहाळी हातात घेतलीही होती. मग ठेवून दिली.

रोपवाटिकेतला माणूस येऊन बघून गेला. लिंबाला उन्हाळा सोसतो, उभं पाणी सोसत नाही, म्हणाला. वहिनीनं निवडलेली जागा ओली आहे, कारण तिथूनच बुजलेला जुना ओढा जात होता. भरावाखालून तो अजून झिरपतो. झाड ओढ्याच्या वाटेत मधोमध उभं आहे, दादा. आईनं पाय रोवून दाखवलेल्या जागेबद्दल त्या दिवशी कोण काय बोलणार होतं?

मागच्या महिन्यात भाड्याचा जेसीबी आला. वर्गणी सगळ्यांनी दिली. लालासाहेबांनी फक्कीची पांढरी सरळ रेघ मारली, ती झाडावरून गेली. ते रेघ मारता मारता थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि फक्कीची पाटी खाली ठेवली. मी म्हणाले, झाडाला वळसा घालू या. कुणी वाद घातला नाही. शिवतेजचं झाड आहे म्हटल्यावर कोण घालणार? वळसा खणला गेला. मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचा संशय आला. मी झाड वाचवलं, की तुला हे पत्र लिहायचं टाळत होते? तरी लिहावं लागलंच.

एक गोष्ट सांगते, त्यानं तुला थोडं बरं वाटेल. मागच्या गल्लीत ओढ्याला लागून रंगुबाईंचं घर आहे. त्या म्हणाल्या, मार्चच्या सुरुवातीला एक बाई दुपारी झाडाशी येऊन बसली होती. जेवणाच्या डब्याच्या झाकणानं आळ्यातलं पाणी उपसत होती. उपसलं की परत भरायचं, पुन्हा उपसायची. रंगुबाईंनी चहा नेऊन दिला आणि कोण कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाली, पाव्हणी हाय. इथं ज्यांनी माणसांच्या नावानं झाडं लावली त्यांच्यापैकी कुणीतरी असावी. कुणीही असो, आपल्या झाडाला माणूस भेटलं.

वहिनीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

तुझी,
संयोगिता


फलटण, १८ एप्रिल २०२५

संयोगिता,

वळसा घातलात ते बरं केलंत. तो तसाच ठेवायचा. झाडाला हात लावायचा नाही, हे पत्र बागेच्या मंडळात वाचून दाखव. मुरुमाची एक ट्रॉली पाठवतो, झाडाच्या बुडाशी टाकून घ्या. चर काढा, पाणी लांबवा. फौजेत आम्ही बर्फात झाडं जगवली आहेत.

मायाला काही सांगितलेलं नाही. पाला टाकायचा राहिला म्हणालो. ती चूल फुंकत बसली. तुझी ती डब्याचं झाकण घेतलेली बाई मी तिच्यापासून लपवून ठेवली. कुणीतरी परकी बाई आपल्या पोराच्या झाडाला बसते आणि आपण इथं बसलो, हे कोणत्या आईला सोसेल?

राग मानू नको, पण तुम्ही लोक रविवारी दोन तास येता आणि घरी जाऊन अंघोळ करता. माझा तिथं कायमचा आहे.

मानसिंग


सांगली, २७ मे २०२५

प्रिय दादा,

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तुझा मुरूम आला, तो आम्ही टाकला. एप्रिलचं तुझं पत्र मी मंडळात वाचलं, शेवटचा भाग सोडून. तो माझ्यापाशी आहे. मी तो खोडून काढू शकत नाही, कारण तो खरा आहे.

मे महिन्यात असा पाऊस आम्ही पाहिला नव्हता. तुमच्याकडेही झालाच असेल. पाणी ओढ्यातून आलं आणि वळशाशी अडलं. वरून वाहत आलेल्या पिशव्या, फांद्या, थर्माकोल, सगळं त्या वळणात गुंतलं, आणि पाणी मागच्या गल्लीत शिरलं. सरळ वाट असती तर शिरलं नसतं.

सकाळी रंगुबाईंकडे गेले. पीठ, गोधड्या, गादी, सगळं भिजलं होतं. त्या गोधडी पिळत होत्या, दुसरं टोक मी धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "आवं बाई, तुमी का रडताय? पानी माज्या घरात आलंय." मग स्वतःच हसल्या, आणि गोधडी झटकताना म्हणाल्या, "झाड ऱ्हाऊ द्या म्हनून मीबी म्हनलं हुतं तवा. आता कुठल्या तोंडानं काढा म्हनू?"

संध्याकाळी सगळे झाडाजवळ जमलो. झाडाला मोजून चार-पाच पिवळी पानं. लालासाहेब म्हणाले, "त्याच्या एका हाकंला मी जिना उतरून आलो गड्यांनो. आता त्यालाच इचारता आलं असतं, तर बरं झालं असतं." त्यानं काय सांगितलं असतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी घरची, म्हणून. मी हो म्हणू शकले असते. मी म्हणाले, दादाला विचारते.

हे लिहिताना मला कळतं आहे की मी माझ्या डोक्यावरचं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवते आहे. तरी ठेवते. तुझ्या शब्दाशिवाय मी झाडाला हात लावू देणार नाही. पण जूनचा पाऊस तोंडावर आहे, आणि रंगुबाईंच्या भिंतीला खालून ओल चढली आहे. एक शब्द कळव. कुठलाही.

संयोगिता


फलटण, ५ जून २०२५

वन्सं यांना मायाचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आन उशाखाली ठिवलं. आठ दिस झालं, काढत्यात, बघत्यात, परत ठिवत्यात. म्हनून मी काढून वाचलं. मागलीबी सगळी वाचली हायती. मी सातवी शिकले. ह्यांना वाटतं, ते वाचून दावत्यात तेवढंच मला कळतं.

ती बाई मीच हुते.

म्हसवडवरनं निघाले, भावाला सांगितलं फलटनला जाते, आन सांगलीची एसटी धरली. तुमच्याकडं आले न्हाई, राग मानू नका. तुमी च्या केला असता आन झाड लय चांगलं हाय म्हनून सांगितलं असतं. मला ऐकायचं नव्हतं, बघायचं हुतं. पाल्याचा आकार कमी कमी हुईत चाललेला, तवाच मनात आलं हुतं.

बुडात पानी हुतं. माज्या डब्याचं झाकन हुतं त्यानं काढलं. परत आलं. परत काढलं. वन्सं, आमच्या अंगाला झाडं पान्यावाचून मरत्यात. पान्यानं झाड मरतं हे मला म्हाईतच नव्हतं. लहानपनी घागर डोक्यावर घिऊन मी झाड जगवलं, तवापास्नं ओल म्हंजी जीव, एवढंच मला कळतं. माज्या पोराला मी बघून बघून त्याच जागी ठिवला. आता कुनाला बोल लावू?

तुमी झाड चांगलं न्हाई हे मला सांगितलं न्हाई. मी आले हुते हे मी तुमाला सांगितलं न्हाई. फिटंफिट झाली. ह्यांनाबी मी सांगितलं न्हाई, तेवढं मातुर वाईट झालं. ते मी सांगनार हाय.

रंगुबाईनं मला च्या दिला. वळख ना पाळख. आन माज्या पोराच्या झाडापायी तिचं पीठ भिजलं. ह्ये त्याला पटलं असतं का? तो माज्या पोटचा हाय, मला ठावं हाय.

झाड काढा. मशिन लावू नका, हातानं काढा. मुळांची माती हाय ती तिथंच पान्यात सोडा. वाहत्या पान्यात न्हाई असं मीच म्हनले हुते. पर थांबल्याल्या पान्यात त्याला लय दिस ठिवला. आता जाऊ द्या.

मी येनार न्हाई. मला बघवनार न्हाई. आन पाला पाठवू नका.

तुमची,
माया


सांगली, १६ जून २०२५

प्रिय वहिनी आणि दादा,

हे पत्र दोघांना आहे. वहिनी, तू सांगितलंस तसंच केलं.

काल रविवार होता. नेहमीची सगळी माणसं आली होती. आधी लालासाहेबांनी आणि मी खुरप्यानं भोवतीची माती सैल केली. दादा, तुझा मुरूम आम्ही बाजूला काढून फाटकाच्या वाटेवर पसरला. मग लालासाहेबांनी पाय रोवून दोन्ही हातांनी खोड धरलं आणि सगळा जोर लावला. झाड इतकं सहज आलं की ते मागे चिखलात बसले. मुळं काळी आणि मऊ झाली होती, धरायला काही उरलंच नव्हतं. कुणी हसलं नाही. शिवतेज असता तर पोट धरून हसला असता, हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार, कारण सगळ्यांनी एकदमच मान खाली घातली.

मी खड्ड्यात बघितलं. रक्षा कुठली आणि माती कुठली, ओळखू येत नव्हतं. सगळी एकसारखी काळी माती होती. रंगुबाई घरातून परात घेऊन आल्या. त्या परातीत मी हातानं माती भरत गेले, त्या आणि लालासाहेब ती ओढ्याच्या पाण्यात सोडत गेले. रंगुबाई दर वेळी "जा बाळा" म्हणत होत्या, अगदी हळू, शाळेत सोडायला आलेली बाई म्हणते तसं.

मग जेसीबीनं सरळ वाट काढली. आज दुपारी मोठा पाऊस झाला. पाणी आलं, थांबलं नाही, खाली कृष्णेकडे गेलं. रंगुबाई उंबऱ्यात बसून ते जाताना बघत होत्या. उंबरा कोरडा होता.

कॉलनीत सगळे म्हणतात, शिवतेजचं काम पूर्ण झालं. फलकावर त्याचं नाव लिहू या असं निघालं, तेव्हा मी थांबा म्हणाले. मला हे पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. वाटावं अशी मी दिवसभर वाट पाहिली. ओढा वाहतो आहे, घरं कोरडी आहेत, आणि बागेत एक जागा मोकळी आहे. तिथं आता काही लावता येणार नाही, कारण तिथून पाणी जातं.

वहिनी, पाकीट बंद करताना हात सवयीनं पाल्याकडे गेला. पाला नव्हता. तू नको म्हणालीस तेच बरोबर.

तुमची,
संयोगिता


फलटण, २९ जून २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हाच हलकं लागलं.

मायाने मला सगळं सांगितलं. सांगताना भाकरी थापत होती, हात थांबला नाही. मी जेवलो नाही, मग ती पण जेवली नाही, मग दोघेही जेवलो. तुझ्यावर राग होता. थोडा अजून आहे, जाईल. रविवारच्या अंघोळीबद्दल लिहिलं ते मागे घेतो. लालासाहेबांना माझा नमस्कार सांग. रंगुबाईंना काय सांगावं कळत नाही. त्या "जा बाळा" म्हणाल्या हे मी परत परत वाचलं. मला ते म्हणायला जमलं नसतं, म्हणून बरं झालं मी नव्हतो.

इकडे दमट हवा सुटली म्हणून काल ट्रंक उघडली. माया दूध घालायला गेली होती. पाल्याचा नुसता भुगा झाला आहे. हात लावला की उडतो, वासही राहिला नाही. निळ्या शर्टाच्या बाहीला कसर लागली आहे. बारीक भोकं पडली आहेत, उजेडात धरलं की दिसतात. माया आल्यावर तिला दाखवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. कपडं हायती, कवातरी जायचीच." ती बरोबर बोलते. पहिल्यापासून तीच आपल्या सगळ्यांपेक्षा बरोबर बोलते.

पण संयोगिता, मला ते जमत नाही. तुझ्या दारात जुना लिंब आहे असं तू लिहिलं होतंस. त्याचा पाला पाठव. तो शिवतेजचा नाही हे मला माहीत आहे. चालेल. कडू असला म्हणजे झालं. पावसात फार ओला तोडू नको, पाकिटात कुजतो.

पाकिटावर माझ्या एकट्याचं नाव घाल.

तुझा,
मानसिंग